चोराच्या हसण्याबाबत

पोस्टरवर तीन चोर होते. त्यांपैकी मधला हसत होता. हसू डाव्या गालाकडे थोडं जास्त वर चढलेलं होतं. उजवीकडे भिंतीचा पोपडा सुटलेला असल्यामुळे तिकडचं हसू नेमकं कुठे संपतं हे सांगता येत नव्हतं. दात दिसत नव्हते. डोळ्यांच्या कडांना मात्र बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, म्हणजे हसू खरं होतं. खोट्या हसण्यात डोळ्यांभोवतीचे स्नायू सहसा भाग घेत नाहीत.

निवृत्त मुख्याध्यापक व्यंकटराव सरांनी हे पोस्टर सकाळी फिरायला जाताना पाहिलं आणि कचेरी उघडताच लेखी तक्रार दिली. चोर चित्रपटात पूर्वीही असत, असं त्यांनी मान्य केलं होतं. पण ते शेवटी रडत. आईच्या पायाशी रडत, देवळाच्या पायरीवर रडत, काहीच नाही तर तुरुंगाचे गज धरून रडत. हा चोर पोस्टरवरच, म्हणजे चित्रपट सुरू होण्याच्याही आधी, हसतो आहे. यात धंदेवाईक चोरांची एक टोळी योजना आखून भरदिवसा सोनाराची तिजोरी पळवते असं ऐकिवात आहे. गावाने यातून काय शिकायचं, याचा शासनाने विचार करावा.

चित्रपटाला सेन्सॉरचा दाखला होता. पण सरांचं म्हणणं असं, की सेन्सॉर मुंबईत बसून मुंबईच्या लोकांसाठी बघतं. कळमनुरी आणि औंढ्याच्या मधल्या आमच्या गावासाठी कोणीच बघितलेलं नाही.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याला इमारती, गाड्या आणि टेबलं यायची होती. समित्या मात्र लगेच नेमता येत होत्या, कारण त्यांना सामान लागत नाही. त्यामुळे नायब तहसीलदार साहेबांनी तक्रारीवर समिती नेमली. या विषयावर सर्वांत जास्त विचार तक्रारदारानेच केलेला असल्यामुळे व्यंकटराव सर अध्यक्ष झाले. नायब साहेब स्वतः सदस्य, ठाण्याचे फौजदार साहेब सदस्य, आणि मी. मी हायस्कूलवर शास्त्र शिकवत होते. समितीत एक महिला हवी होती आणि एक शास्त्राचं माणूस असलेलं बरं दिसतं. एका नेमणुकीत दोन्ही गरजा भागल्या.

पहिल्या बैठकीत ठरलं, की चित्रपटाचं नाव कोणीही उच्चारू नये, कारण त्याने त्याची प्रसिद्धी होते. सगळीकडे "सदर चित्रपट" एवढंच म्हणावं. आठवडाभरात गावातली शेंबडी पोरंसुद्धा एकमेकांना विचारू लागली, सदर कधी लागणार. दुसरा ठराव असा, की निर्णय होईपर्यंत खेळ बंद राहतील आणि समितीखेरीज कोणालाही चित्रपट दाखवला जाणार नाही.

हा ठराव ऐकायला थावरा राठोड कचेरीच्या दारात उभा होता. तो गावाबाहेरच्या तांड्यावरचा. तरुणपणी तो टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचा. पुढे मूळ चालक नांदेडला निघून गेला तेव्हा त्याने टॉकीज भाड्याने चालवायला घेतली. मशीन तो स्वतः चालवी, तिकीटखिडकीत त्याची बायको जिवनबाई बसे, आणि तिचा भाऊ फुलसिंग दार सांभाळून उरलेल्या वेळात टेम्पोची भाडी मारी. तिघांपैकी कोणी शाळेत गेलेलं नव्हतं. तांड्यावर शाळा आली तेव्हा त्यांची लग्नं झालेली होती. केबल आल्यापासून टॉकीजमध्ये माणसांपेक्षा चिमण्या जास्त असत. या एका चित्रपटावर थावराची भिस्त होती, कारण तो लागेल तिथे भरून चालत होता. इमारत एका अडत्याची होती. टॉकीज चालत नसेल तर मी तिच्यात हळद ठेवतो, असं त्याने थावराला सरळ सांगून ठेवलं होतं.

"गुरुजी, तुमी बघा, बघू नका म्हनत न्हाई," थावरा सरांना म्हणाला. "पन जरा लौकर बघा. हळद निघून राहिली."

सर म्हणाले, घाईने घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो.

हे त्यांनी केवळ थावराला सांगितलं असं नाही. ते आयुष्यभर तसेच वागले होते. आमच्या शाळेची घंटा लिंबाला टांगावी की व्हरांड्यात, हा प्रश्न त्यांच्यापुढे ते मुख्याध्यापक झाले त्या वर्षी आला. ते निवृत्त होईपर्यंत शिपाई घंटा हातात धरून वाजवत होता.

समितीने चित्रपट पाहिला आणि सदस्यांनी आपापली मतं मांडली. फौजदार साहेबांना चोरांबद्दल काही आक्षेप नव्हता. चोरांच्या चित्रपटात चोर असणारच. पण पाठलाग करताना पडद्यावरचा इन्स्पेक्टर चिखलात घसरून पडतो, त्या वेळी दारात उभे असलेले जिवनबाई आणि फुलसिंग हसले, हे त्यांनी अंधारातही टिपलं होतं. चिखल काढून टाकावा, अशी त्यांची सूचना होती. नायब साहेबांचा आक्षेप वेगळा होता. चित्रपटातले चोर सरकारी तपासणी पथक बनून सोनाराच्या दुकानात जातात. पण त्यांच्या हातातल्या फाइलवर ना जावक क्रमांक, ना हुद्द्याचा शिक्का. शासनाचं काम इतक्या निष्काळजीपणे चालतं असा गैरसमज जनतेत पसरेल. चोरांनी निदान कागदपत्रं तरी रीतसर ठेवावीत, असं त्यांचं मत पडलं. सरांना रडणं हवं होतं. तिघांपैकी एकाने रडलं तरी चालेल, इतपत ते खाली आले. पण कोणी रडावं हे त्यांनी पुढच्या बैठकीवर ठेवलं. शेवटच्या प्रसंगात एक चोर एकटा, एका स्थिर कप्पीवरून, तिजोरी गच्चीवर ओढून घेतो. स्थिर कप्पी बलाची फक्त दिशा बदलते, वजन कमी करत नाही, एवढंच मी नोंदवलं. हे पाहून मुलांचे गुण जातील.

मतं जुळली नाहीत, म्हणून चित्रपट पुन्हा पाहावा लागला. त्या खेपेला नेमक्या चिखलाच्या वेळी फौजदार साहेबांना ठाण्यातून बोलावणं आलं. त्यानंतर एकदा लाइट गेली. पुढे सरांनी असा मुद्दा काढला, की इंटरव्हलनंतरच्या भागावर मत बनवायचं तर आधीचा भाग ताजा असायला हवा. आणि आधीच्या भागावर मत बनवताना पुढे काय होतं हे ठाऊक असल्याशिवाय न्याय होत नाही. तेव्हा दोन्ही भाग लागोपाठ, पण दोनदा पाहणं योग्य. आम्ही दुपारी जमत असू. चहा थावराकडचा असे.

सर पहिल्या दिवशी मागच्या रांगेत, कपाळाला आठ्या घालून बसले होते. पुढे ते मधल्या रांगेत आले. मग ते आम्हाला आधीच सांगू लागले, "आता बघा हं." चोरांचा म्होरक्या सोनाराच्या दुकानात शिरतो ते मुद्दाम उशिरा. शिरल्या शिरल्या तो सोनारावरच रागावतो, अजून तयार नाही का म्हणून. गांगरलेला सोनार काय तयार करायचं होतं हेही विचारत नाही. स्वतःच्याच नोकरांना तिजोरी उचलायला लावतो. या प्रसंगात म्होरक्याबरोबर सरांचेही ओठ हलत.

इकडे गावात दोन तट पडले होते. चोराने हसावं म्हणणारे ते हसरे आणि चोराने रडावं म्हणणारे ते रडके. चित्रपट दोन्हीपैकी कोणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे वाद अगदी तत्त्वाचा होता. स्टँडवरच्या हॉटेलात हसऱ्यांची आणि रडक्यांची टेबलं वेगळी झाली. जमत आलेलं एक लग्न, मुलाकडचे हसरे निघाल्यामुळे, बैठकीतून उठलं. एका कीर्तनकारांनी उत्तररंगात सदर चित्रपटाचा समाचार घेतला, तेव्हा रडक्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हसरे उठून चपला शोधू लागले. हट्टा गावच्या एका पाहुण्याने नांदेडला तो खरोखर पाहिलेला होता. तो काही सांगू लागला, तर दोन्ही बाजूंनी त्याला गप्प केलं. बघून आलेल्या माणसाचं मत एकांगी असतं.

दरम्यान हळद आत आली. आधी पडद्याखालच्या जागेत काही पोती लागली, मग पुढची बाकडी गेली. पोत्यांतून उडणारी भुकटी मशीनच्या झोतात तरंगे आणि झोत पिवळा दिसे. पडद्यावरचे चोर काविळीचे वाटू लागले.

"बाई, तुमचं बघून व्हईना का अजून?" जिवनबाईने मला एकदा चहा देताना विचारलं. "आमचं तर समदं पाठ झालं. भाकर थापताना बी चोरच डोळ्याम्होरं येऊन राहिले."

मी विचारलं, चित्रपट कसा वाटतो.

"चोर चांगले हायेत. पन सोनाराची बायको कुठंच दिसत न्हाई. एवढी तिजोरी घरातून गेली, आन घरातली बाई एक शबुद बोलनार न्हाई? काहून?"

समितीतल्या कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. मी ते बैठकीत सांगितलं. जिवनबाई सदस्य नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

त्याच बैठकीत मूळ प्रश्न पुन्हा निघाला: सदर चित्रपट चोरी शिकवतो की नाही. सर म्हणाले शिकवतो. फौजदार म्हणाले, चोरी कोणी चित्रपट पाहून शिकत नाही, ती घराण्यात असते. नायब साहेबांनी दोन्ही मतं योग्य असल्याचं म्हटलं. हे बरंच लांबलं तेव्हा मी म्हटलं, की हा मताचा प्रश्नच नाही. एखादी गोष्ट शिकवली गेली असेल तर शिकणाऱ्याला ती करता यायला हवी. ते तपासता येतं.

नायब साहेबांनी माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तपासणीसाठी एक उपसमिती नेमली. तिच्यात समितीचेच सर्व सदस्य होते.

प्रयोगाला तिजोरी हवी होती. ती नायब साहेबांनीच सुचवली. कचेरीच्या आतल्या खोलीत निजामाच्या काळातली एक लोखंडी तिजोरी होती. तिची किल्ली कोणत्या तरी साहेबाच्या बदलीत हरवली होती. आत काय आहे हे माहीत असलेलं माणूस हयात नव्हतं. कारकून तिच्यावर डबे ठेवत. तिच्यामुळे कोणाचं नुकसान होण्याचा संभव नव्हता, आणि तपासणी संपताच ती परत ठेवायची होती. कर्मचारी ओळखतात म्हणून नायब साहेबांनी त्या दिवशी किरकोळ रजा टाकली. फौजदार साहेब फाटकाशी उभे राहिले, मधल्या मध्ये खरी चोरी होऊ नये म्हणून. चित्रपटात फाइल एका बाईच्या हातात असते, ती मी धरली. आणि म्होरक्याचं काम सर्वानुमते सरांकडे गेलं.

माझी एकच शंका होती. सरांना अख्खं गाव ओळखतं. कचेरीतले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले. तिजोरी न्यायला कोण देईल?

शंका चुकीची ठरली, आणि ठरली ती त्याच कारणाने. सर ठरल्याप्रमाणे उशिरा शिरले. अव्वल कारकून दिपक त्यांचा जुना विद्यार्थी. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अजून तयार नाही?"

दिपकचा चेहरा मी जवळून पाहत होते. गृहपाठ न केलेल्या मुलाचा चेहरा कसा होतो हे मला माहीत आहे. त्याने काय तयार नाही हे विचारलं नाही. कुठे पाठवायची, एवढंच विचारलं. सर म्हणाले, "वर." त्यावर आमच्या कचेऱ्यांत पुढचा प्रश्न नसतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं बाहेर बसली होती. साहेबांचं काम केलं तर आपलं लवकर होईल या आशेने तीही उठली. शिपायांनी वासे आणले. फुलसिंगचा टेम्पो भाड्याने सांगितलेला होताच. तिजोरी चढली. वजन विभागलं गेल्यावर काम सोपं होतं हे सिद्ध झालं, तेही कप्पीशिवाय. निघताना दिपकने सरांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

प्रयोग अपेक्षेपेक्षा इतका यशस्वी झाला, की पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. तिजोरी कुठे ठेवायची यावर सर म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. तोवर फौजदार साहेबांच्या सांगण्यावरून ती टॉकीजमध्ये, पडद्यामागे उतरवली. थावराने आणि फुलसिंगने हात लावला. समितीचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीतला गोंधळ पाहायला गेलो. तिजोरीच्या जागी बाकडं टाकलेलं होतं. बाकड्यावर एक माणूस दाखल्याची वाट पाहत बसला होता. डबे खिडकीत होते.

तेव्हा सरांनी दिपकला सौम्यपणे सांगितलं, की तिजोरी परत आणून ठेवायची आहे. दिपकने अतिशय आदराने नकार दिला. कचेरीतल्या सर्व वस्तू जागेवर आहेत, असं प्रमाणपत्र त्याने आदल्याच संध्याकाळी जिल्ह्याला पाठवलं होतं. "सर, आमची तिजोरी जागेवर आहे," तो म्हणाला. "आता तुम्ही आणखी एक आणली तर ती जादा होईल. गेलेल्या वस्तूचा कोणी विचारीपर्यंत खुलासा लागत नाही. जादा वस्तूचा मात्र ताबडतोब लागतो."

तिजोरी पडद्यामागेच राहिली. तिच्यापुढे हळदीची पोती रचली गेली. समितीने आणखी एकदा चित्रपट पाहिला.

मग हिंगोलीहून पत्र आलं. नव्या जिल्हा कचेरीच्या दर्शनी भागात निजामकालीन वस्तू मांडायच्या होत्या आणि तिजोरी न्यायला एक अधिकारी येणार होते. आता विचारणा झाली होती. दिपकने त्याच दिवशी ठाण्यात फिर्याद दिली, की अज्ञात इसमांनी शासकीय तिजोरी लांबवली. अज्ञात इसमांना त्याने चहा पाजला होता. पण सर चोरी करतील हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं, आणि जे मनात येत नाही ते फिर्यादीत येत नाही. फिर्याद फौजदार साहेबांनी स्वतः लिहून घेतली. चोराचं वर्णन त्यांनी विचारलं नाही.

पोती हलवल्यावर तिजोरी सापडायला वेळ लागला नाही. पंचनामा झाला. अधिकारी दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून समितीची बैठक तिथेच, टॉकीजमध्ये, पोत्यांवर बसून घ्यावी लागली. थावराला एका बाजूला बसवलं होतं आणि त्याच्याजवळ शिपाई उभा होता.

"माल पडद्यामागं, जागा टॉकीजची, सिनेमा चोरीचा," फौजदार साहेब म्हणाले. "आता याला आत घेतल्याशिवाय मला गत्यंतर नाही." चौथा मुद्दा त्यांनी बोलून दाखवला नाही. तो थावराच्या आडनावात होता.

"सायेब, तिजोरी उतरीवली तवा तुमी हितंच हुते," थावरा म्हणाला. "तुमीच म्हनले, पडद्यामागं ठिव, दिसनार न्हाई."

"म्हटलं असेल. पण ते समितीचा सदस्य म्हणून म्हटलं. आत्ता मी फौजदार म्हणून विचारतोय."

नायब साहेबांना कटुता आवडत नसे. त्यांनी सर्वांना सोयीचा मार्ग काढला. कोणाही माणसाला दोष देऊ नये. दोष चित्रपटाला द्यावा. सदर चित्रपट चोरी शिकवतो, तो पाहून कोणी तरी अज्ञाताने तिजोरी उचलली आणि घाबरून इथे टाकली, असं लिहावं. चित्रपट कायमचा बंद, टॉकीज बंद, तिजोरी हिंगोलीला, थावराला समज देऊन सोडून द्यावं. यात कोणाचंच नुकसान नाही. दारात उभ्या असलेल्या अडत्यानेही मान डोलावली. त्याची निम्मी पोती आत आलेलीच होती.

"टॉकीज गेली म्हंजे नुसकान न्हाई व्हय, सायेब?" जिवनबाई म्हणाली.

"अगं, सुटतोय ना तो."

"चोर म्हनून सुटून राहिला. उद्या कोनाची शेळी हरवली तरी तुमी आमच्याच दारात येताल." ती थांबली, मग अगदी समजावल्यासारखं बोलली. "तिजोरी उचलाया धा मानसं लागले, ते तुमच्याच कचेरीतले. आन हुकूम द्याया एक लागला. आमच्यात हुकूम देनारं कोनीच न्हाई. मंग आमी कशी चोरावी?"

नायब साहेबांनी ठरावाचा मसुदा लिहायला घेतला. त्या वेळी मला वाटलं, की जे दिसतं आहे ते एकदा सांगावं.

मी म्हटलं, सदर चित्रपट गावात दोनच गटांनी पाहिला आहे. एक समिती. दुसरा गट थावरा, जिवनबाई आणि फुलसिंग. दोन्ही गटांनी तोच चित्रपट, त्याच जागी, तितक्याच वेळा पाहिला. पहिल्या गटाने तिजोरी चोरली. दुसऱ्याने काहीही चोरलं नाही; उलट पहिल्याला चहा दिला. तेव्हा फरक चित्रपटात नाही. तो गटांमध्ये आहे.

"कसला फरक?" नायब साहेबांनी विचारलं.

"आपण शिकलेले आहोत. ते नाहीत. दुसरा मला सापडत नाही. नमुना लहान आहे, पण याहून मोठा उपलब्ध नाही."

"मग मॅडम, तुम्हीसुद्धा चोर?" फौजदार साहेबांनी हसून विचारलं.

"हो. फाइल मी धरली होती."

सगळे सरांकडे पाहू लागले, पण अपेक्षेने नव्हे. सर काय म्हणणार हे सर्वांना माहीत होतं. नायब साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या बैठकीसाठी वार सुचवला. शिपायाने थावराच्या दंडाला हात घातला. थावरा उठला. जाता जाता त्याने मशीनच्या खोलीकडे पाहिलं आणि फुलसिंगला सांगितलं, की सिनेमाची पेटी औरंगाबादच्या वितरकाला नीट पाठव, रिळं उलटी भरू नको.

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर हळद बसली होती.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "नायब साहेब, ठराव मी सांगतो तसा लिहा. तिजोरी समितीने चोरली. पहिलं नाव अध्यक्षाचं घाला, हुद्द्यासकट. खेळ आज संध्याकाळपासून सुरू होईल. चित्रपटातलं काहीही कापायचं नाही."

"चिखलसुद्धा?" फौजदार साहेबांनी विचारलं.

"चिखलसुद्धा. पोती संध्याकाळच्या आत बाहेर जातील." अडत्या काही बोलणार होता, सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि तो बोलला नाही. "आणि थावरा, समितीचा निष्कर्ष खरा असेल तर धोका पत्करून चालणार नाही. दारावर ठळक अक्षरांत एक पाटी लाव. पाटीवर लिहायचं: ज्याला हे वाचता येतं, त्याला आत प्रवेश नाही."